सोळा बाय बारा

ज्याला आग राखता येते, त्याला या जगात काहीही राखता येतं, मग ते राज्य असो, संसार असो की स्वतःचं शरीर, असा उस्तादांचा सिद्धान्त होता. त्या दिवशी सकाळी तो त्यांनी सासूबाईंना पुन्हा एकदा ऐकवला. ऐकवताना ते पँटचं बटण काजात घालायचा चौथा प्रयत्न करत होते. सिद्धान्त पूर्ण झाला आणि बटण तुटून कपाटाखाली गेलं.

"राज्य गेलं कपाटाखाली," सासूबाई म्हणाल्या. "आता संसार सांभाळा, जावईबापू."

उस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण एकोणीस वर्षं एकाच लाँड्रीत बॉयलर सांभाळल्यावर खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं, आणि हजेरीपट वाचतो कोण? लाँड्री मोठी होती. तीन हॉस्पिटलं आणि सात-आठ हॉटेलं यांच्या चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे कोट सगळे तिथे यायचे. तिथलं धुणं, वाळवणं, इस्त्री सगळं वाफेवर चाले, आणि ती वाफ मागच्या शेडमध्ये आडव्या पडलेल्या एका काळ्या बॉयलरमधून यायची. हा बॉयलर कोळसा खायचा, पाणी प्यायचा आणि उस्तादांचंच ऐकायचा. निदान उस्तादांची तशी समजूत होती.

बॉयलरच्या पाठीवर एक लंबगोल भोक होतं. सोळा इंच लांब, बारा इंच रुंद. त्याला मॅनहोल म्हणतात. वर्षभर त्यावर जाड झाकण घट्ट आवळलेलं असे. वर्षातून एकदा बॉयलर बंद करून, तीन दिवस थंड करून ते झाकण उघडायचं, आणि एका माणसानं त्या भोकातून आत उतरायचं. किटलीत जसा पांढरा थर धरतो तसा आतल्या नळ्यांवर धरलेला असतो, तो खरवडायचा. मग बाहेर येऊन रजिस्टरमध्ये लिहायचं : 'मी स्वतः आत जाऊन पाहिले. बॉयलर स्वच्छ आहे.' खाली सही. हेड अटेंडंट कोण, याची लाँड्रीत दुसरी व्याख्या नव्हती. ही सही करतो तो हेड.

एकोणीस सह्या उस्तादांच्या होत्या. विसावीबद्दल शंका होती.

गेल्या वर्षी ते पोटाशी अडकले होते. जोडीदार अटेंडंट काडी यानं त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून सगळं वजन टाकलं, तेव्हा कुठे ते आत गेले. बाहेर येताना पोटाची बरीचशी कातडी मॅनहोलच्या कडेला ठेवून आले. काडी हा नावाप्रमाणे होता. अंडी सहा, पाव आठ, वर दोन केळी एवढा ऐवज तो दुपारी सगळ्यांसमोर रिचवायचा आणि तरी त्याचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढे, खिळ्यानं पाडलेल्या भोकात लागायचा. उस्ताद त्याच्यासमोर बसून वाटीभर सूप प्यायचे. तेही कोमट, कारण गरम प्यायलं की भूक लागते असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. साहेब नुकतेच सुरक्षिततेच्या कसल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि येताना तिथून काळजी घेऊन आले होते.

"उस्ताद, तीन महिन्यांनी शटडाउन. यंदा ढकलाढकली चालणार नाही. जो आपला आपण आत जाईल, तोच जाईल."

"म्हणजे मीच जाईन, साहेब."

"जा ना. माझं काही म्हणणं नाही." साहेबांनी कागद सरळ केले. "म्हणणं मॅनहोलचं आहे. तुम्ही नाही गेलात तर काडी जाईल. मग सही त्याची. मग बॉयलरही त्याचा."

"आणि मी?"

"घडी विभागात जागा आहे."

घडी विभागात धुतलेल्या चादरींच्या घड्या घालतात. तिथे रेडिओ असतो, खिडकी असते, बसायला स्टूल असतं. ज्याची पाठ गेली, गुडघे गेले, ज्याच्याबद्दल 'आता काय उरलंय त्याच्यात' असं लोक त्याच्यादेखत म्हणू लागले, अशा सगळ्यांना तिथे पाठवायची रीत होती. आजवर तिथून परत कोणी आलं नव्हतं. उस्ताद शेडमध्ये परत आले, आणि त्यांनी त्या दिवशीचं सूपही सोडलं.

खरं म्हणजे सोडायला फारसं काही उरलं नव्हतं. वर्षभर त्यांनी एक एक करून सगळं सोडलं होतं : आधी साखर, मग लोणी, मग सकाळचं खाणं, मग रात्रीचं. पहिल्या महिन्यात चार किलो उतरलं तेव्हा ते सासूबाईंना पुन्हा सिद्धान्त ऐकवू लागले होते. मग वजन थांबलं. त्यांनी आणखी कमी खाल्लं. वजन जागचं हललं नाही. त्यांनी आणखी कमी खाल्लं, तर उलट अर्धा किलो वाढलं. एवढ्याशा सुपातून अर्धा किलो कुठून आला हे त्यांना कळेना. सासूबाईंना कळलं होतं. "काही माणसांना हवासुद्धा अंगी लागते," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. त्यांचं वजन चाळीस किलो होतं.

त्यापेक्षा वाईट वेगळंच होतं. भट्टीच्या तोंडाशी, जिथे काडी बनियनवर घाम पुसायचा, तिथे उस्ताद स्वेटर घालून उभे राहायचे. हात बर्फ. पाय बर्फ. दुपारी बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे बघता बघता डुलकी लागायची. कंगव्यात केस यायचे, आणि संडासात काहीच यायचं नाही. त्या शनिवारी बायकोनं बघितलं, तर ते दाराच्या चौकटीला टेकून, बुटाची एक नाडी हातात धरून तसेच उभे होते.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. दुसरी नाडी बांधायचीय."

"मग बांधा ना."

"बांधतो," ते म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले.

बायकोनं मुलीला बोलावलं. मुलीनं त्यांना आहारतज्ज्ञाकडे नेलं.

आहारतज्ज्ञ मुलीहून चार वर्षांनी मोठी असेल. तिच्या टेबलावर प्लास्टिकची अंडी, प्लास्टिकचा मासा आणि प्लास्टिकचं अर्धं सफरचंद होतं. उस्तादांनी त्या अंड्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर तिनं टिपली.

"रोज काय काय खाता, सांगा."

उस्तादांनी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

"आणि?"

"एवढंच."

"खोटं बोलत नाहीयेत," मुलगी म्हणाली. "आम्ही डबे तपासलेत. आजीनं तर खिसे तपासलेत."

आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, नखं पाहिली, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. झोप, पोट, थंडी, केस सगळं विचारलं. थायरॉइडची तपासणी करायला सांगितली. चार दिवसांनी अहवाल आला. थायरॉइड ठीक होतं. उस्तादांना वाईट वाटलं. काहीतरी बिघडलंय असं कागदावर आलं असतं तर मॅनेजरसाहेबांना दाखवता आलं असतं.

"लोक येऊन सांगतात, माझा मेटाबोलिझम स्लो आहे," बाई म्हणाल्या. "दहांतले नऊ जण काय खातात तेच विसरलेले असतात. तुम्ही दहावे. तुमचा खराब नाहीये, घाबरलेला आहे. शरीराला वाटतंय दुष्काळ पडलाय. मग ते खर्च कमी करतं. ऊब कमी, केस कमी, उत्साह कमी. आणि तुम्ही उतरवलेलं जे वजन आहे ना, त्यात चरबीबरोबर स्नायूही गेलेत. स्नायू गेले की आणखी कमी जळतं. कळतंय का?"

उस्तादांचा चेहरा एकदम उजळला. वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याशी त्यांच्या विषयावर बोलत होतं.

"म्हणजे मी आग दाबून ठेवलीय."

"काय?"

"आग दाबणं, मॅडम. सुट्टीच्या आदल्या दिवशी भट्टी विझवत नाहीत. वर ओली राख पसरायची, डँपर लावून वारा तोडायचा. आत नुसती धग राहते. तेवढा कोळसा मग दोन दिवस जातो, पण वाफ होत नाही. गेजचा काटा झोपतो." त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "वर्षभर मी राख टाकत बसलोय. वर पुन्हा विचारतोय की काटा का हलत नाही."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. "हे मी लिहून घेऊ का? बाकीच्यांना सांगायला."

मग योजना ठरली. सकाळी उठल्यावर तासाभरात दोन अंडी आणि पाव. अकराला मूठभर शेंगदाणे. दुपारी डाळ, भात, भाज्या, दही. संध्याकाळी फळ. रात्री मासा किंवा पुन्हा डाळ. प्रत्येक खाण्यात प्रथिनं. पाणी भरपूर. झोप सात तास. आणि जड काहीतरी उचलायचं, आठवड्यातून तीनदा, म्हणजे गेलेले स्नायू परत येतील.

"एकदम वाढवू नका," बाई म्हणाल्या.

"थंड बॉयलर एकदम पेटवत नाहीत, मॅडम," उस्ताद किंचित दुखावून म्हणाले. "पत्रा फाटतो."

इथून पुढे उस्तादांनी जे केलं ते आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेलंच होतं, फक्त त्यांनी ते बॉयलरसारखं केलं. एक नवं लॉगबुक आणलं. सकाळी उठल्या उठल्या काखेत थर्मामीटर, आकडा वहीत. कोणतं 'इंधन' किती वाजता पडलं, वहीत. पाणी किती, वहीत. बॉयलरच्या तळचा गाळ रोज बाहेर सोडतात त्याला ब्लो-डाउन म्हणतात; त्या नावाच्या रकान्यात काय लिहिलं जायचं ते सासूबाईंनी एकदा चष्मा लावून वाचलं, आणि त्यानंतर त्या वहीला हात लावला नाही.

पहिल्या आठवड्यात वजन सव्वा किलो वाढलं.

ती सकाळ घरात कोणी विसरणार नाही. उस्ताद वजनकाट्यावरून उतरले, पुन्हा चढले, भिंतीला हात न लावता चढले, चष्मा काढून चढले. मग स्वयंपाकघरात येऊन समोरच्या दोन अंड्यांकडे बघत बसले.

"अगं, हे मी कसं खाऊ?"

"तोंडानं," बायको म्हणाली.

"तू चेष्टा करू नकोस. मला त्या भोकातून जायचंय. तीन महिने होते, त्यातले तीन आठवडे गेले, आणि मी फुगतोय. न खाल्लं तरी फुगतो, खाल्लं तरी फुगतो. मग माणसानं करायचं काय? हे शरीर नेमकं कोणाचं आहे?"

बायकोनं गॅस बंद केला. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिनं एक अंडं सोलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते शाळेत औषधाचा डोस घ्यायला लावलेल्या मुलासारखं खाल्लं. फोनवर आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या की हे बहुतेक पाणी आहे, रिकाम्या स्नायूंत साठा भरतोय, घाबरू नका. उस्तादांनी वहीत लिहिलं : 'पाणी पातळी उंच. घाबरायचे नाही.' आणि ते घाबरलेच.

तिसऱ्या आठवड्यात मात्र हात कोमट झाले. पाचव्यात स्वेटर खुंटीला गेला. दुपारची डुलकी बंद झाली, ब्लो-डाउनचा रकाना रोज भरू लागला. आणि जड काय उचलायचं हा प्रश्न तर शेडमध्ये प्रश्नच नव्हता. उस्तादांनी काडीच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

"उस्ताद, माझं काम आहे ते."

"आजपासून माझं. तू काचेकडे बघ."

"मग मी काय करू?"

"बस. खा. तुझं काय जातंय?"

दिवसाला दीड टन कोळसा त्यांनी आपल्या हातानं भट्टीत टाकायला सुरुवात केली. आठवड्यातून तीनदा नव्हे, सहादा. काडी स्टुलावर बसून केळी खाऊ लागला. हे अन्याय्य आहे असं दोघांनाही अधूनमधून वाटे, पण वेगवेगळ्या कारणांनी.

मोजमापाची सोय त्यांनी घरी केली होती. प्लायवुडचा एक तुकडा आणून त्यात सोळा बाय बारा इंचांचं लंबगोल भोक कापलं, कडा घासून घेतल्या. दर रविवारी सकाळी ते बनियन-चड्डीवर बैठकीच्या खोलीत उभे राहायचे, प्लायवुड जमिनीवर ठेवून त्यात दोन्ही पाय टाकायचे आणि विजार चढवावी तसं ते वर ओढायचे. पहिल्या रविवारी ते मांड्यांवर थांबलं. मग कमरेच्या हाडाशी. मग पोटाच्या सुरुवातीला. जिथे थांबेल तिथे बायको पेन्सिलीनं पोटावर खूण करायची. बाकीचे सहा दिवस ते प्लायवुड कपाटाला टेकवून ठेवलेलं असे, आणि सासूबाई पलीकडच्या कॉटवर झोपून त्यातून टीव्ही बघायच्या. म्हणायच्या, "चौकटीत बरं दिसतं."

नवव्या आठवड्यापर्यंत वजन जेमतेम तीन किलोनं उतरलं होतं, पण प्लायवुड बेंबीपर्यंत आलं होतं. वजनकाट्याला हे कळत नव्हतं, बाईंना कळत होतं. त्या म्हणाल्या, चरबी जातेय, स्नायू येताहेत, काट्यावर बघू नका. उस्तादांनी वजनकाटा कॉटखाली ढकलला आणि जिवाच्या आकांतानं कोळसा ओढला. अकराव्या रविवारी प्लायवुड पोटावरून सरकलं. थोडं घासलं, थोडं थांबलं, मग बायकोनं मागून हलकेच ओढलं, आणि ते बरगड्यांखाली येऊन बसलं.

मुलीनं टाळ्या वाजवल्या. बायको हसत होती आणि डोळे पुसत होती. सासूबाईसुद्धा उठून बसल्या.

"गेलं की हो, जावईबापू!"

"गेलं," उस्ताद म्हणाले. ते प्लायवुड बरगड्यांशी धरून, एखादा बादशहा कमरपट्टा धरून उभा राहावा तसे उभे होते. "पोट गेलं म्हणजे सगळं गेलं. अडतं ते पोटच."

त्यांनी ते तिथूनच खाली उतरवलं. वर न्यायचं कोणाच्याही मनात आलं नाही. एकोणीस वर्षांत त्या भोकात त्यांचं पोटाशिवाय दुसरं काही अडलंच नव्हतं.

शटडाउनच्या चौथ्या दिवशी झाकण उघडलं. आत पंखा लावून हवा खेळवली, दिवा सोडून पाहिलं. इन्स्पेक्टरसाहेब अकराला येणार होते. त्याआधी आत जाऊन खरवडणं उरकायचं होतं. खबर सगळ्या लाँड्रीत पोहोचली होती. धुलाई, इस्त्री, झाडून सगळे शेडमध्ये जमले. घडी विभागसुद्धा स्टुलं घेऊन आला होता. मॅनेजरसाहेब हातात रजिस्टर घेऊन उभे होते. काडी एका बाजूला, अंगात तयारीचे कपडे घालून, नजर चुकवत उभा होता.

उस्ताद बॉयलरच्या पाठीवर चढले. त्यांनी भोकात पाय सोडले. मांड्या गेल्या. कंबर गेली. पोट आलं तेव्हा सगळे पुढे झुकले. उस्तादांनी श्वास सोडला आणि पोट गेलं, कसलीही घासाघीस न होता, जसं पत्र पेटीत जावं. एकदम टाळ्या झाल्या. कोणीतरी शिटी मारली. उस्तादांनी दोन्ही हात वर केले आणि ते हसत हसत खाली सरकले.

आणि थांबले.

छातीच्या वर, खांद्यांपाशी, लोखंडानं त्यांना धरलं होतं. त्यांनी उजवा खांदा पुढे केला. डावा अडला. डावा पुढे केला, उजवा अडला. गेल्या वर्षी हे खांदे आपोआप गेले होते. पण गेल्या वर्षी त्यात अडीच महिन्यांचा कोळसा नव्हता.

"उस्ताद, थोडं वाकडं व्हा," काडी म्हणाला.

"झालोय."

"मग वर या."

त्यांनी वर यायचा प्रयत्न केला. पाय आत लोंबत होते, खाली नळ्यांना टेकत नव्हते. जोर द्यायला काही नव्हतं. पाऊण तास गेला. लोकांनी आधी सूचना दिल्या, मग एकमेकांच्या सूचनांवर वाद घातला, मग हळूहळू गप्प झाले. गप्प झाले ते उस्तादांना जास्त लागलं.

"दुखतंय का हो?" घडी विभागातली एक म्हातारी मावशी स्टुलावरून विचारत होती.

"नाही, मावशी."

"भूक लागलीय का?"

उस्तादांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते. शेंगदाण्यांची वेळ. आणि खरंच, त्यांना कडकडून भूक लागली होती. आतली आग मस्त धडधडत होती. तिला काय माहीत, कुठे अडकलोय ते! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दोन्ही हात डोक्यावर असल्यामुळे पुसता येईना. मावशी वर चढून आली, तिनं पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि त्यांच्या तोंडात चार शेंगदाणे घातले.

तेवढ्यात इन्स्पेक्टरसाहेब आले. गंभीर गृहस्थ. हातात एक बॅग. त्यांनी बॉयलरकडे पाहिलं, बॉयलरमधून वर आलेल्या माणसाकडे पाहिलं.

"हे कोण?"

"हेड अटेंडंट," मॅनेजरसाहेब म्हणाले. "आत जात आहेत."

"कशाला?"

"खरवडायला. आणि... सहीला."

"करा, करा. माझं काम बाहेरूनच आहे." त्यांनी बॅगेतून सिगारेटच्या पाकिटाएवढं एक यंत्र काढलं, बॉयलरच्या पोटाला थोडं तेल चोपडलं आणि यंत्राचं टोक तिथे टेकवलं. यंत्र वाजलं. त्यांनी दुसरीकडे टेकवलं. पुन्हा वाजलं. असं आठ-दहा ठिकाणी केलं, प्रत्येक वेळी आकडा पाहिला आणि प्रत्येक वेळी मान हलवली.

"काय झालं, साहेब?" उस्तादांनी वरून विचारलं.

"पत्रा बारा मिलिमीटरचा होता. आता कुठे आठ आहे, कुठे साडेसात. झिजलाय आतून."

ज्याला एकोणीस वर्षं उस्तादांनी हातानं खायला घातलं, तो त्यांच्या डोळ्यांदेखत, एक अवाक्षर न काढता, चार मिलिमीटरनं बारीक झाला होता.

"म्हणजे दुरुस्ती?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"दुरुस्ती नाही. नापास. भंगार." इन्स्पेक्टरसाहेबांनी पेन काढलं.

"साहेब, एक विनंती," मॅनेजरसाहेब म्हणाले. "आधी यांना बाहेर काढू, मग नापास करा."

"का बरं?"

"बरं दिसेल."

इन्स्पेक्टरसाहेबांनी पेन परत खिशाला लावलं. धुलाईतून पातळ साबणाचं डबडं आलं. काडीनं ते सगळं उस्तादांच्या खांद्यांवर ओतलं, काखांत बोटं घालून चोळलं, आणि मग चौघांनी मनगटं धरून ओढलं. उस्ताद बाहेर आले तेव्हा सगळ्या अंगाला फेस होता. काडी त्यांच्या शेजारी बॉयलरच्या पाठीवर बसून राहिला. तयारीचे कपडे साबणात भिजले होते.

"तू जा आत," उस्ताद त्याला म्हणाले. "तू सहज जाशील. निदान एक सही तरी होईल तुझी."

"कशाला आता?" काडी म्हणाला.

खाली इन्स्पेक्टरसाहेबांनी सही केली.

उस्ताद आणि काडी आता घडी विभागात असतात. एका चादरीला दोन माणसं लागतात, दोघं दोन टोकं धरतात. उस्ताद वेळच्या वेळी खातात, त्यांचे हात उबदार असतात, आणि आहारतज्ज्ञ बाई त्यांचं उदाहरण इतरांना देतात. नवा बॉयलर विजेचा आहे, कपाटाएवढा. त्याचं बटण मॅनेजरसाहेबांच्या खुर्चीमागे, पंख्याच्या बटणाखाली आहे.